खाडीच्या आतले शिंपले

६ मार्च

अक्का,

नमस्कार. तुझ्या पत्राचं उत्तर बरेच दिवस राहिलं. कारण नेहमीचंच. काम संपत नाही आणि मी मात्र थोडा थोडा संपत चाललोय. डोळ्यांना चष्मा पुरत नाही, पाठ खुर्चीला नको म्हणते. सकाळी उठून घटकाभर देवाचं नाव घेतो, तेवढा वेळ माझा. बाकीचा दिवस प्रयोगशाळेचा.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडचं खोकं आलं. बर्फ निम्मा वितळला होता, पण शिंपले घट्ट गोठलेले होते, म्हणजे भागलं. खोक्यावर नमुने काढणाऱ्या दाजींची सही बघितली की दरवर्षी वाटतं, दाजीच दारात येऊन उभे राहिलेत. यंदाची सही जरा वाकडी होती. घाईत असतील.

आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी विचारत होती, त्यांच्या किनाऱ्याचे शिंपले आपण कशाला तपासायचे. मी तिला सांगितलं, की प्रत्येक जागेचे शिंपले दोन पिशव्यांत भरायचे, एक पिशवी आपल्याकडे ठेवायची, दुसरी समुद्रापलीकडे पाठवायची, असा दोन देशांचा करार आहे. दोन्हीकडचे आकडे जुळले आणि दोन्हीकडच्या सह्या झाल्या, तरच तो आकडा खरा धरायचा. ती म्हणाली, म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही. मी म्हटलं, आहे की, पण तो पिशवीत भरून पाठवावा लागतो.

आता तुझ्या आनंदाची बातमी. तुमच्या आतल्या खाडीतला पारा यंदा एकदम उतरलाय. इतकी वर्षं तो मर्यादेच्या उंबऱ्यावर बसून होता, एक पाय आत, एक पाय बाहेर. यंदा निम्म्यावर आला. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी मला बसायला सांगितलं.

माझं मन मात्र शिंपले उघडताना जरा चुकचुकलं. आमची सुरी प्लास्टिकची असते, लोखंडाचा अंश नमुन्यात उतरू नये म्हणून. तुमच्या खाडीतल्या शिंपल्यांना ती लावली की ते लगेच तोंड उघडतात. शांत, गढूळ पाण्यात वाढलेले ते, लांबट आणि पातळ कवचाचे. लहानपणी सुट्टीत मावशीकडे यायचो तेव्हापासून हातांना ओळखीचे. यंदाचे आखूड आणि जाड होते, लाटांचा मार खाल्ल्यासारखे. दोन सुऱ्या मोडल्या. पिशव्यांची अदलाबदल झाली असेल बहुतेक. दाजींना सहज विचार, आतल्या जुन्या खुंटांवरचेच आहेत ना?

सूनबाईंची तब्येत कशी आहे? पाचवा लागला असेल. त्यांना म्हणावं, दुरून का होईना, एक मामा रोज आठवण काढतो.

तुझा,
मुनी


१९ मार्च

मुन्या,

खूप आशीर्वाद. फोन का करत नाही म्हणून मागे विचारलं होतंस. फोन यांच्या खुर्चीशेजारी असतो आणि हे आता बराच वेळ घरीच असतात. पत्र लिहिताना मात्र मला कुणी विचारत नाही, किराण्याची यादी करतेय असं समजतात.

पारा उतरल्याचं आम्हाला तुझ्या पत्राच्या आधीच कळलं. आमच्या ऑफिसने आपला आकडा आला तेवढ्यावरच खाडीच्या उतारावरचा बोर्ड बदलला. तुमची सही काय, येईल मागाहून, म्हणाले. आधी लिहिलेलं असायचं, लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी इथले शिंपले खाऊ नयेत. आता लिहिलंय, सर्वांना खाण्यास योग्य. ज्या दिवशी बोर्ड लागला त्या दिवशी लोक घरी येऊन गेले. यांच्या पाठीवर थापा मारल्या, जणू यांनीच समुद्र धुऊन वाळत घातला. हे नुसते हसले. तुला माहीत आहे, आमच्या घरात पारा चढायचा तो फक्त माझ्या सासऱ्यांचा, यांचा कधी नाही.

सूनबाई मजेत आहे. इतके महिने वासानेसुद्धा ओकारी यायची तिला, आणि आता खाडीचे शिंपले म्हटलं की ताट पुढे. लेक बोटीवर असतो, महिन्याने येतो. त्यामुळे तिचे लाड करायला आम्हीच. शेजारीण रोज सकाळी टोपलीभर आणून देते.

यांचं म्हणशील तर बरं आहे. जरा दमतात. मी सकाळी शर्टाची बटणं लावून देते आणि कामाच्या दिवशी डबा घेऊन धक्क्यावर जाते, तिथेच पायऱ्यांवर बसून दोघं खातो. या वयात नव्याने प्रेम जडलंय असं शेजारीण म्हणते. म्हणू दे.

तुझ्या सुऱ्या मोडल्या याचं वाईट वाटलं. चांगल्या घेत जा. आणि ती सही लवकर करून टाक बाबा, म्हणजे सगळ्यांच्या जिवाला स्वस्थता.

तुझी,
अक्का


५ एप्रिल

अक्का,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. खुंटांबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर त्यात नाही. आणि जे विचारलं नव्हतं ते मात्र आहे.

तू डबा घेऊन धक्क्यावर जातेस म्हणालीस. आतल्या खाडीला धक्का नाही. तिथे ओहोटीला चिखलातून बरंच चालून जुन्या खुंटांपर्यंत पोचावं लागतं. मी दाजींच्या मागून गेलोय तिथे, चपला हातात घेऊन. धक्का खाडीच्या तोंडाबाहेर आहे, उघड्या समुद्रावर. तिथल्या पायऱ्यांना शिंपले चिकटतात, ते आखूड आणि जाड असतात. म्हणजे माझ्या हाताचं चुकलं नव्हतं. पिशवीवर आतल्या खाडीचं नाव आहे आणि पिशवीत धक्क्यावरचे शिंपले आहेत.

हे मी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं, आपलं नातं न सांगता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, खाडी त्यांची, पिशवी त्यांची, आकडा त्यांच्या सोयीचा. मग मला खिडकीशी नेऊन नदी दाखवली. तुला ठाऊक आहे, आमच्या नदीच्या वरच्या अंगाला तो बंद पडलेला कारखाना आहे. काम बंद झालं, गाळ आहे तिथेच आहे. नदी फुगली की तो समुद्रात उतरतो आणि थंडीतला प्रवाह आमच्याकडून तुमच्याकडे वाहतो. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरातला धूर बघायला जाल, आणि जाळ आपल्याच परसात निघाला तर?" त्या वाईट नाहीत, अक्का. थकल्यात. इथे सगळेच थकलेत.

म्हणजे खोटा आकडा तुमच्याकडे सगळ्यांना हवा आहे आणि आमच्याकडेही. नको आहे तो मला एकट्याला, कारण त्या बोर्डाखालून टोपली भरून माझ्या भाचेसुनेच्या ताटात जाते. पारा आईच्या पोटातून बाळाच्या मेंदूत पोचतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. तिला आजपासून थांबव.

आणि एक सरळ विचारतो. दाजींना हे कुणी करायला सांगितलं? शिंपले विकणाऱ्यांनी की ऑफिसने? इतकी वर्षं सरळ चाललेला माणूस निवृत्तीच्या तोंडावर असा वाकतो, म्हणजे कुणीतरी वाकवलं असणार. मी सही थांबवून ठेवली आहे.

मुनी


१४ एप्रिल

मुनी,

लहानपणी सुट्टीला आलास की खाडीकडे बघत तासन्‌तास गप्प बसायचास, म्हणून आईने तुझं नाव मुनी ठेवलं. तेव्हा गप्प होतास तेच बरं होतं.

माझ्या नवऱ्याला कुणी वाकवलं म्हणतोस. म्हणजे विकला गेला, एवढंच म्हणायचं राहिलंय तुझं. तू वर्षातून एकदा त्यांची सही बघतोस, मी रोज तो माणूस बघते. तुझ्या त्या काचेच्या भांड्यांत माणसं मोजता येत नाहीत.

सूनबाईचं मी बघते. तुला शिकवायची गरज नाही.

अक्का


२ मे

मुन्या,

मागचं पत्र पाठवल्यापासून मला नीट झोप नाही. तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच केलंस. आता हे बसून लिहितेय. हे बाहेर अंगणात आहेत आणि सून तिच्या खोलीचं दार लावून बसली आहे. माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कुणी वाकवलं नाही रे त्यांना. हात वाकेनासे झाले म्हणून झालं सगळं.

दीड-दोन वर्षांपूर्वी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग कप बशीत ठेवताना वाजायला लागला. डॉक्टर म्हणाले, वय आहे. यांनीही वयच धरलं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला हे आतल्या खुंटांकडे गेले होते, नमुन्याआधी जागा बघून यायला. परत येताना पाय भरकटले आणि चिखलात कंबरेपर्यंत रुतले. भरती चढत होती. शेजारणीच्या नवऱ्याने फळी टाकून ओढून काढलं. त्याला यांनी सांगितलं, घसरलो. मला घरी येऊन खरं सांगितलं, की पाय कुठे पडतोय तेच कळत नव्हतं. आणि माझ्याकडून वचन घेतलं, की कुणाला सांगायचं नाही. खुंटांपर्यंत जाता येत नाही असं कळलं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मुन्या, या माणसाला दुसरं काही येत नाही. समुद्रावर जायचं, शिंपले काढायचे, पिशवी भरायची. घरात बसवलं तर तो घरातल्या सामानासारखा होईल.

म्हणून नमुन्याच्या दिवशी मी बरोबर गेले. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून काढता येतात. त्यांनी हात लावायचा, मी ओढायचे. मी विचारलं होतं, हे चालेल का. तर म्हणाले, "पाणी एकच आहे. खाडीत तेच येतं, इथे तेच येतं. मी काही बाजारातून आणून भरत नाही." मला ते पटलं. त्यांनाही पटलं होतं, मनापासून. आकडा इतका खाली येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बोर्ड बदलला त्या दिवसापासून ते उताराच्या रस्त्याने जात नाहीत, लांबचा वळसा घालतात. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते बोलणंच टाळतात.

आता सूनबाई. तुझं पत्र आल्यावर मी तिचं खाडीचं खाणं बंद केलं. कारण सांगता येत नव्हतं, म्हणून रोज काहीतरी थातूरमातूर. आज जड पडतील, उद्या शिळे आहेत. एके दिवशी तिने स्वतः करून ताटात वाढून घेतले आणि मी ताट उचललं. सगळ्यांच्या देखत. ती रडली नाही. म्हणाली, "आई, बोर्ड बाबांच्या नमुन्यावरून लागलाय. तुमचा बाबांवर विश्वास नाही का?"

हे समोर बसले होते. घास तसाच हातात होता. हात इतका थरथरत होता, की मी दुसरीकडे बघितलं.

शेजारणीकडे आता अशी बातमी आहे, की मी गरोदर सुनेला उपाशी ठेवते. ठेवते तर ठेवते. पण ती माझ्या पाठीमागे शेजारी जाऊन खाते की काय, याची मला भीती वाटते. काय करू ते तू सांग. रागावलास तरी चालेल, पण सांग.

तुझी,
अक्का


११ मे

अक्का,

रागावण्याचा हक्क तुझा आहे, माझा नाही. थकलेल्या माणसाला मी विकला गेलेला समजलो. दाजींची वाकडी सही समोर होती आणि मला त्यात घाई दिसली. त्यांना माझा नमस्कार सांग. बाकी जे म्हणायचं ते भेटीत म्हणेन.

आता कामाचं. आमच्या नियमात एक सोय आहे. पिशवी उघडणाऱ्याने शेरा मारायचा, की नमुना जागेशी जुळत नाही, पुन्हा घ्यावा. त्यात कुणाचं नाव लिहावं लागत नाही. मी तो केव्हाच मारला असता. पण पुन्हा घ्यायला पाठवतील ते दाजींनाच. म्हणजे ते एकतर पुन्हा चिखलात उतरतील, नाहीतर पुन्हा धक्क्यावर बसतील. मला दोन्ही नको आहे. मी साक्षीदार म्हणून तिकडे येतो असा अर्ज दिला. मोठ्या बाईंनी तो वाचून खणात ठेवला आणि खण ढकलून बंद केला.

महिनाअखेरीला मला सही करावी लागेल, नाहीतर शेरा मारावा लागेल. मी सही करणार नाही. हे तुला आधीच सांगतो, मागाहून परक्याकडून कळू नये. त्याच्या आत दाजींनी स्वतःच्या तोंडाने ऑफिसात सांगितलं, तर ते त्यांचं राहील. नाहीतर कुणीतरी शोधून काढेल आणि मग ते चोरी म्हणून सापडेल.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. सकाळी देवापुढे बसलो तरी तीच डोक्यात. बोटांना मुंग्या, हातांना कंप, पाय कुठे पडतो ते न कळणं, हे सगळं वयाने होतं, हे खरं. पण पाऱ्यानेही होतं. दाजी जन्मभर त्या खाडीचे शिंपले आणि तळाचे मासे खात आले. बोर्ड होता तो मुलांसाठी आणि बायकांसाठी, पुरुषांनी तो स्वतःसाठी कधी वाचलाच नाही. मी डॉक्टर नाही. माझी शंका खोटी ठरली तर मी देवाचे आभार मानेन. पण त्यांचं रक्त तपासून घे, आणि सूनबाईंचंही घे. त्यांना सगळं सांग. कारण न सांगता ताट काढून घेतलं तर माणूस दुसऱ्या ताटावर जाऊन बसतो.

हे पत्र दाजींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
मुनी


३० मे

मुन्या,

वाचून दाखवलं. सूनबाईलाही बाहेर बोलावलं आणि दोघांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मधेच सूनबाईने कागद हातातून घेतला आणि पुढचं तिने वाचलं.

यांनी एवढंच विचारलं, "हातांचं खरं असेल का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. मग उठले, बटणं लावून घ्यायला माझ्यासमोर उभे राहिले आणि ऑफिसात गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले.

तिथे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. यांनी साहेबांना सांगितलं, की आतल्या खाडीच्या पिशवीतले शिंपले धक्क्यावरचे आहेत, मला आत जाता येत नाही. साहेबांनी डोकं धरलं. तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं हो, असं म्हणाले, तक्रार केल्यासारखं. माणूस तसा भला आहे. बोर्ड त्याच्या सहीने लागलाय. त्याने यांना काढलं नाही, सामानाच्या खोलीत बसवलं. दोऱ्या मोजायच्या, पिशव्या मोजायच्या. संध्याकाळी घरी आले. जेवण झाल्यावर आपणच म्हणाले, तिथे खिडकी आहे.

नव्या नमुन्यासाठी शहरातून एक मुलगी पाठवली. गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट, चांगली धीट. पण चिखलातली वाट तिला कोण दाखवणार? मी म्हटलं, मी येते. नऊवार-पाचवार काही बघितलं नाही, खोचून उतरले. हे उतारावर उभे. तिथून यांचा आवाज असा लागला, की मला लग्नाच्या वेळचे हे आठवले. "पायाकडे बघू नकोस पोरी, समोरच्या खुंटाकडे बघ. थांबू नकोस, थांबलीस की रुतलीस." ती हसत हसत म्हणाली, काकू, हे तुम्हाला घरीही असंच ओरडतात का? मी म्हटलं, घरी मी ओरडते.

लांबट, पातळ शिंपले. तू म्हणतोस तसेच. मी हातात घेतले आणि मला खाडीचा राग आला नाही, हेच नवल वाटलं.

परत आलो तर उतारावर माणसं जमलेली. शेजारणीचा नवरा पुढे. त्याने विचारलं, पुन्हा कशाला काढताय, बोर्ड लागलाय ना. मला वाटलं, ही मुलगी काहीतरी सरकारी उत्तर देईल आणि वेळ निभावून नेईल. पण हे मधे बोलले. "बोर्ड माझ्या चुकीने लागलाय. आकडा येईपर्यंत कुणी खाऊ नका."

एकेक करून सगळे गेले. दुसऱ्या दिवसापासून टोपली यायची बंद झाली. ती आमच्यासाठी बंद केली की सगळ्यांसाठी, ते कळलं नाही.

सूनबाई आता माझ्याशी बोलते. काल म्हणाली, आई, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर मी तुमच्यावरचा राग वाचवून नवऱ्यावर काढला असता.

खोकं निघालंय. पोचलं की तूच उघड.

तुझी,
अक्का


२८ जून

अक्का,

मीच उघडलं. सुरी लावल्याबरोबर उघडले. भांडी-बिंडी लावायच्या आधीच मला काय ते कळलं.

आतल्या खाडीतला पारा मर्यादेच्या दुपटीहून वर आहे. इतका आजवर कधी नव्हता. मी पुन्हा तपासला, मग त्या नव्या मुलीकडून तपासून घेतला, म्हणजे माझ्या मनाचा खेळ नको. तोच आला. तुमच्याकडचा आकडा कळला, तोही जुळला. बरीच वर्षं हे काम करतोय, दोन आकडे जुळल्यावर इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सही करण्याआधी क्षणभर डोळे मिटले. काय मागावं ते सुचेना. सूनबाईंचं बाळ अजून बिननावाचं आहे, त्याचंच नाव घेतलं असं समज.

मग कागद मोठ्या बाईंकडे नेला. त्यांनी बराच वेळ वाचला. मला वाटलं, हाही खणात जाणार. पण त्यांनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "चला, आता पाहुणे येणार. चहाचं सामान भरून ठेवा." म्हणजे काय ते कळलं ना? आकडा एवढा चढला की तो कुठून आला हे शोधावं लागतं, आणि करारात लिहिलंय की समोरच्या देशाची माणसं आमच्या नदीचा गाळ तपासायला काढून नेऊ शकतात. पुढच्या महिन्यात येतील. कारखान्याच्या बाजूची वाट मी दाखवायची असं ठरलंय. ऑफिसात मला आता कुणी बस म्हणत नाही. पण परवा बाईंनीच जाता जाता विचारलं, तिकडे तुमचं कुणी आहे का हो. मी म्हटलं, मावसबहीण आहे. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, परक्यांसाठी कुणी एवढ्या सुऱ्या मोडत नाही.

आकडा तुमच्या ऑफिसात पोचला असेल. आता तुमच्याकडे काय होईल याची मला कल्पना आहे, म्हणून आनंदाचं असं काही लिहवत नाही. रक्ताच्या तपासाचं काय झालं? तेवढं आधी कळव.

तुझा,
मुनी


२१ जुलै

मुन्या,

तेवढं आधी कळवते. दोघांच्याही रक्तात निघाला.

सूनबाईच्या कमी आहे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, काही आठवडेच खाल्लंय आणि वेळेवर थांबलंय, आता उतरत जाईल. बाळाचं आत्ता काही सांगता येत नाही, जन्मल्यावर आणि पुढेही बघत राहू. मी विचारलं, म्हणजे काळजीचं आहे की नाही? त्या म्हणाल्या, काळजी घेण्याचं आहे. मोठी हुशार बाई. पण खोटं बोलली नाही, म्हणून मला आवडली.

यांच्या रक्तात बराच आहे. हात थोडे सुधारतील, पहिल्यासारखे होतील असं नाही. हे ऐकून हे चक्क हसले. म्हणाले, मला वाटत होतं मी म्हातारा झालो.

खाडी बंद झाली. त्याची सभा शाळेच्या पटांगणात झाली. साहेबांनी आकडा वाचला तेव्हा मागून आरडाओरडा झाला. कुणीतरी विचारलं, किती दिवस? साहेब म्हणाले, दिवस नाही, वर्षं. शेजारणीचा नवरा उभा राहिला आणि यांच्याकडे बोट करून म्हणाला, यांना माहीत होतं, यांनी गप्प राहून आमच्या पोरांना खाऊ घातलं. मी उठणार होते. सूनबाईने माझा हात दाबला. मग हे उठले. भाषण येत नाही त्यांना. दोन्ही हात पुढे करून उभे राहिले, बस. ते हात थरथरत होते आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे ते बघत होते. म्हणाले, "मला खाडीचं माहीत नव्हतं. माझं माहीत होतं, ते लपवलं." आणि खाली बसले.

कुणी माफ वगैरे केलं नाही, मुन्या. गोष्टीतल्यासारखं काही होत नाही. शेजारीण अजून तोंड फिरवते. पण दुसऱ्या दिवसापासून माणसं रक्त तपासायला जायला लागली, बहुतेक पुरुषच. शेजारणीचा नवराही गेला. त्याच्याही बोटांना मुंग्या येत होत्या म्हणे, आणि तोही वयच धरून बसला होता.

मी थकले. तू पत्रात नेहमी थकलो थकलो म्हणतोस, तेव्हा मला वाटायचं, खुर्चीत बसून माणूस कशाने थकतो. आता कळतं. तुमच्या नदीवर आमची माणसं येतील तेव्हा तुला आणखी थकवतील. त्या रबरी बुटांच्या मुलीला पाठवणार आहेत. तिला सांभाळून ने आणि जेवल्याशिवाय सोडू नकोस.

आज दुपारी सूनबाई आणि मी उतारावर जाऊन बसलो होतो. ओहोटी होती, खुंट उघडे पडले होते, त्यांना शिंपले लगडलेले आणि काढायला कुणी नाही. आता तिला पायाखालचं दिसत नाही, इतकं पोट आलंय. म्हणाली, आई, बाळ मोठं झालं की विचारेल, ही खाडी कुणाची. काय सांगायचं?

मी म्हटलं, आपली म्हणून सांग. खायची नाही, एवढंच.

तुझी,
अक्का